एकच बाटली, दोन निकाल: सांगाडे जमले, सरदार का फसला?

पुण्यातल्या एका घरगुती गटातलं हे प्रकरण. गट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ नुसत्या फाशांवर आणि कागदावरही चालतो, पण लढाई टेबलावर मांडून खेळायची चटक एकदा लागली की मिनिएचरशिवाय, म्हणजे पात्रांच्या छोट्या आकृत्यांशिवाय, भागत नाही. पुढच्या भागात एका पडक्या गढीच्या तळघरात बारा सांगाडे आणि त्यांचा मेलेला सरदार भेटणार होते. खेळ चालवणारीनं, म्हणजे आमच्या डीएमनं, तेराच्या तेरा आकृत्या एका ओळखीच्याकडून रेझिन प्रिंटरवर छापून घेतल्या. रंगवायचं काम गटातल्या एकानं अंगावर घेतलं. मिनी रंगवायची त्याची ही पहिलीच वेळ, पण हात अगदीच कोरा नव्हता: शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा त्यानं दिलेल्या. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पद्धत त्यानं व्हिडिओवरून उचलली, आणि पद्धत म्हणून ती उत्तमच आहे. हार्डवेअरच्या दुकानातला राखाडी प्रायमर (पुढचा रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) मारायचा, वर हाडाचा फिकट पिवळसर रंग सपाट द्यायचा, मग तपकिरी वॉश, म्हणजे सावलीसाठीचा पाण्यासारखा पातळ रंग, अंगभर ओतल्यासारखा लावून वाळू द्यायचा, आणि शेवटी कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट रंग घासायचा. सांगाडे पाहून सगळे थक्क झाले. डोळ्यांच्या खोबण्या काळपट, बरगड्यांमध्ये सावली, दातांच्या मधल्या फटी वेगवेगळ्या दिसतायत, आणि हे सगळं एका संध्याकाळी. हुरूप येऊन त्यानं सरदार हातात घेतला, तशाच क्रमानं, त्याच बाटलीनं. सकाळी गटाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. डीएमचं उत्तर एका ओळीचं होतं: “ह्याचा झगा धोब्याकडे द्यायला हवा.”

त्याचा वैताग समजण्यासारखा होता. “अरे, सांगाड्यांना हेच तर केलं होतं मी!” आणि ते खरंच होतं. हेच केलं होतं म्हणूनच फसलं.

सरदार हातात घेतल्यावर

फोटोवरून निदान करू नये, म्हणून आकृती खिडकीशी नेऊन, भिंग लावून पाहिली. उंची साधारण ३२ मिलिमीटरच्या मापातली. अंगावर चिलखत, कमरेखाली कड्यांच्या जाळीचा घोळ, डाव्या हातात मोठी सपाट ढाल, पाठीवर टाचेपर्यंत आलेला लाल झगा.

झग्यावर गडद कडांची बेटं उमटलेली होती. प्रत्येक बेट मधे फिकट आणि कडेला तपकिरी रेघ. खालच्या भागात दोन बेटं एकमेकांत मिसळली होती, आणि तिथे रंगाची सालं निघाल्यासारखा एक ओरखडा होता. त्याहून मजेशीर गोष्ट खांद्याजवळ, जिथे झगा जवळजवळ आडवा होतो, तिथे होती: केसासारख्या बारीक समांतर रेघा, नकाशावर डोंगराच्या उंचीच्या दाखवतात तशा. त्या रंगवणाऱ्यानं काढल्या नव्हत्या. रेझिन प्रिंटर आकृती थरावर थर रचून बनवतो, एकेक थर बहुधा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. उभ्या भागावर या पायऱ्या जाणवत नाहीत, पण उतार मंद झाला की पायऱ्या रुंद होतात. नुसत्या डोळ्याला त्या प्रायमरखाली दिसत नव्हत्या. वॉशनं प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात रंग भरून त्या गिरवून दिल्या.

ढालीवर मधोमध एक मोठं वर्तुळ, कडेला गडद. चिलखतावर चंदेरी रंगाची चमक मेलेली, पण गंजल्यासारखा तपकिरी लेप. मेलेल्या सरदाराला ते शोभूनही दिसत होतं. चेहरा खोबणीसह पूर्ण भरून गेलेला.

आणि कमरेखालची जाळी? अप्रतिम. एकेक कडी सुटी दिसत होती.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथेच लागला. तोपर्यंत गटात तीन तर्क चालू होते: बाटली खराब आहे, प्रायमर भलता वापरला, पावसाळ्यामुळे झालं. पण जाळी आणि झगा एकाच आकृतीवर, एकाच प्रायमरवर, एकाच बाटलीतून, एकाच हातानं, एकाच दमट संध्याकाळी रंगले होते. एक जमली आणि एक फसला, म्हणजे फरक त्या दोघांच्या आकारातच शोधायला हवा.

वॉश जातो कुठे

वॉश म्हणजे पातळ केलेला रंग एवढंच नाही. त्यात रंगद्रव्य अगदी कमी, बाकी पाणी, रंग चिकटवून धरणारं ॲक्रिलिक बाइंडर, चमक कमी करणारा घटक, आणि पृष्ठताण कमी करणारं एखादं रसायन असतं. या शेवटच्या घटकामुळे तो थेंब होऊन बसत नाही, पसरतो, आणि जिथे दोन पृष्ठभाग कोनात भेटतात तिथे ओढला जातो. खाच जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. बरगड्यांमधली फट, जाळीतल्या कड्या, लोकर, पिसं, दगडी भिंत, विणलेली टोपली: इथे द्रवाला जायला जवळच जागा असते. तो उंचवट्यावरून उतरतो, खाचेत बसतो आणि तिथेच वाळतो. सांगाड्याच्या अंगावर सपाट जागा अशी जवळजवळ नसतेच. म्हणून नवशिक्यानं पहिल्यांदा सांगाडे रंगवावेत असं सगळे सांगतात.

झग्याच्या घड्या मात्र रुंद आणि उथळ. वॉशला तिथे कोपरा सापडत नाही, तो जागच्या जागी पातळ थारोळं करून बसतो. पुढचं काम बाष्पीभवन करतं. टेबलावर सांडलेला चहा पुसायचा राहिला की वाळल्यावर मधे फिकट आणि कडेला गडद गोल उमटतो, तेच इथे घडतं. थारोळ्याची कड जागेवर चिकटून बसते, तिथलं पाणी सगळ्यात भराभर उडतं, ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये हे कॉफीच्या डागावरून उलगडून दाखवलं होतं. मिनी रंगवणाऱ्यांना डाग आधीपासून ठाऊक होता, त्यामागचं कारण त्यांना मग मिळालं.

आता त्या ग्रेड परीक्षांकडे येतो. जलरंगात सपाट वॉश द्यायला शिकवतात तेव्हा कागद तिरका धरायचा, भरलेल्या ब्रशनं वरून खाली पट्टे ओढत जायचं आणि खाली साचलेला थेंब टिपून घ्यायचा. याच्या हातात ते मुरलेलं होतं, आणि झग्यावर त्यानं नेमकं तेच केलं. पण कागद पाणी पितो. रंग तंतूंमध्ये धरला जातो, म्हणून पट्टे एकमेकांत मिसळतात. प्रायमर आणि ॲक्रिलिकचा थर बसलेलं रेझिन पाणी पीत नाही. सगळा ओलावा वरच राहतो आणि हवेतच उडावा लागतो. हात तरबेज होता, पण तो दुसऱ्याच पृष्ठभागासाठी.

बाकीच्या कारणांनी भर घातली, तीही नोंदवतो. झगा फार काळवंडेल या भीतीनं त्यानं वॉशमध्ये नळाचं पाणी घातलं. त्यामुळे बाइंडर विरळ झालं, पृष्ठताण कमी करणारा घटकही विरळ झाला, आणि डाग पडायची शक्यता उलट वाढली. फिकट हवा असेल तर वॉशमध्ये ॲक्रिलिक मीडियम घालावं. मिनीचे रंग बनवणाऱ्या कंपन्यांपैकी सिटाडेलचं लाहमियन मीडियम किंवा व्हॅलेहोचं ग्लेझ मीडियम याच कामाचं आहे. मीडियम म्हणजे रंगद्रव्याशिवायचा रंगच, त्यामुळे छटा फिकी होते पण द्रवाची वागणूक फारशी बदलत नाही.

दुसरं म्हणजे जुलैचा महिना. दमट हवेत थारोळं जास्त वेळ ओलं राहतं, आणि जितका वेळ ओलं तितका कणांना कडेला पोचायला अवकाश. ते वाळत नाही म्हणून त्यानं हेअर ड्रायर लावला. त्या झोतानं थारोळी सरकून दोन बेटांचं एक झालं. मग ते पुसायला म्हणून ब्रश फिरवला, तेव्हा वरची साय धरू लागली होती. तो ओरखडा तिथला. ॲक्रिलिक वॉशला हात लावायच्या दोनच वेळा असतात: लावल्याबरोबर, किंवा पूर्ण वाळल्यावर. मधल्या वेळेत स्पर्श केला की थर फाटतो.

व्हिडिओबद्दलही एक. तो बराच जुना होता आणि त्यातला माणूस सिटाडेलचा शेड (त्यांच्या वॉशचं नाव) वापरत होता. सिटाडेलनं २०१२ मध्ये आपली सगळी रंगमालिका बदलली तेव्हा ‘डेव्हलन मड’ जाऊन ‘अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड’ आला, ‘बादाब ब्लॅक’च्या जागी ‘नल्न ऑइल’. २०२२ मध्ये नावं तीच ठेवून द्रावण बदललं: नवा शेड सपाट भागावर कमी रेंगाळतो, खाचेत जास्त उतरतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली बाटली आणि आज दुकानात त्याच नावानं मिळणारी बाटली सारखी वागत नाही, आणि याच्याकडची तर तिसऱ्याच कंपनीची. व्हिडिओतला निकाल आपल्या टेबलावर जसाच्या तसा येईल अशी अपेक्षा धरूच नये. इंग्रजी बोलणारे रंगवणारे नल्न ऑइलला गमतीनं बाटलीत भरलेली प्रतिभा म्हणतात. गंमत म्हणून ठीक आहे. कड्यांच्या जाळीपुरती ती खरीही आहे.

दुरुस्ती

सगळा रंग काढून नव्यानं सुरुवात करायचा प्रस्ताव पहिल्यांदा आला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवलं की ॲक्रिलिक मऊ पडून निघतो, पण रेझिनची प्रिंट त्यात फार वेळ बुडवून ठेवणं धोक्याचं, आणि तलवारीसारखे बारीक भाग ठिसूळ होऊन मोडतात. शिवाय जाळी चांगली जमली होती, तीही गेली असती. आकृती तशीच ठेवून भागाभागानं सुधारायची असं ठरलं.

झग्याला आधी थरांच्या रेघांसाठी खांद्याजवळ अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवला. कोरडा घासू नये. रेझिनची धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नसते. रंग थोडा उडाला, तेवढ्यापुरता प्रायमर ब्रशनं दिला. मग लाल रंग दुधाइतका पातळ करून घड्यांच्या फक्त उंचवट्यांवर चढवला, दोन-तीन पातळ थर. बेटांच्या कडा त्याखाली गेल्या. घड्यांच्या तळाशी वॉशचा गडदपणा होता तो तसाच सोडला, कारण तिथे तो हवाच होता. त्यानंतर लालात थोडा नारिंगी मिसळून घडीच्या माथ्यावर एक रेघ. लाल उजळवायला पांढरा घातला की गुलाबी होतो, म्हणून नारिंगी. या सगळ्यात वॉशचं काम शेवटी आलं आणि ते चिमूटभरच: टोकदार ब्रशनं घडीच्या तळाशी एकेक रेघ, आणि लगेच दुसऱ्या ओल्या, स्वच्छ ब्रशनं तिची वरची कड पुसट करत जायची. दोन ब्रश हातात, एकात रंग आणि एकात नुसतं पाणी. जलरंगातला हात इथे खराखुरा कामी आला. कड विरघळवणं त्याला आमच्यापैकी कोणापेक्षाही चांगलं जमत होतं.

ढाल आणि चिलखतासाठी वेगळा मार्ग काढला, रणगाडे आणि विमानांची मॉडेल करणाऱ्यांचा. ढालीवर आधी मूळ रंग पुन्हा दिला. मग दोन्हीवर ब्रशनं ग्लॉस ॲक्रिलिक वार्निश लावलं आणि एक दिवस पूर्ण वाळू दिलं. गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर द्रव अडकत नाही, सरळ खाचेकडे धावतो. त्यावर ॲक्रिलिकऐवजी तैलरंगाचा वॉश केला: बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाची ट्यूब, जी कॅमलची कुठल्याही कला-साहित्याच्या दुकानात मिळते, आणि हार्डवेअरमधलं मिनरल टर्पेंटाईन. मोहरीएवढा रंग झाकणात घेऊन कोऱ्या चहासारखा पातळ होईपर्यंत टर्पेंटाईन घालायचं. खिडकी उघडी ठेवायची, गॅस आणि उदबत्ती लांब.

तैलरंगाचा फायदा असा की तो सावकाश वाळतो, म्हणून चूक पुसता येते. ब्रशचं टोक चिलखतावरच्या खिळ्याच्या बुडाशी नुसतं टेकवलं की रंग आपोआप खिळ्याभोवती फिरून रेघ पुरी करतो. पहिल्यांदा बघताना हे जादूसारखं वाटतं, आणि आमच्या गड्यानं गरज नसलेल्या खिळ्यांनाही ती रेघ दिली. अर्ध्या तासानं कापसाच्या काडीला टर्पेंटाईनचा किंचित ओलावा देऊन सपाट भाग पुसले. काडी नेहमी वरून खाली ओढली, त्यामुळे जो काही डाग उरला तो पावसाच्या ओघळासारखा दिसला. ढालीवरचं वर्तुळ गेलं. ग्लॉसचा थर दिल्याशिवाय मात्र हे करू नये: टर्पेंटाईन खालच्या ॲक्रिलिकला डिवचू शकतं. आधी ढालीच्या मागच्या बाजूला करून बघितलं होतं.

चेहरा सगळ्यात सोपा निघाला. वॉशनं भरलेली खोबणी तशीच ठेवून गालाची हाडं, भुवयांची कड आणि दात तेवढे हाडाच्या रंगानं पुन्हा काढले.

पुढच्या खेपेला काय बदललं

खेळाच्या त्याच तळघरात पुढे लोकरी लांडगे आणि एक झगेवाली चेटकीण आहे. त्यांच्यासाठी क्रम ठरवताना गड्यानं रंगांच्या बाटल्या काढल्याच नाहीत. आधी प्रायमर मारलेल्या आकृत्या दिव्याखाली फिरवून प्रत्येकीच्या अंगावर कुठे पोत आहे आणि कुठे नुसता सपाट भाग आहे हे पाहिलं. लांडग्यांना अंगभर वॉश. चेटकिणीच्या केसांना, टोपलीला आणि हातातल्या मुळ्यांना अंगभर वॉश. झग्याला आणि गालांना नाही. मूळ रंगही त्यानं हव्या त्या छटेपेक्षा एक पायरी फिकट निवडला, कारण वॉश सगळ्यालाच थोडं अंधारात नेतो.

अंगभर वॉश देतानाही एक सवय बदलली. आधी तो लावून आकृती बाजूला ठेवायचा. आता लावल्यावर पहिला मिनिटभर ती हातातच असते. टाचेशी, हनुवटीखाली, तलवारीच्या मुठीशी आणि तळाच्या चकतीवर थेंब साचतो. कोरडा केलेला ब्रश तिथे टेकवला की तो थेंब शोषून घेतो. सांगाड्यांच्या पायाशी जे काळं डबकं झालं होतं, आणि जे सगळ्यांनी मुद्दाम काढलेली सावली समजून वाखाणलं होतं, ते या न टिपलेल्या थेंबांचं होतं.

२०१९ मध्ये सिटाडेलनं आणलेल्या कॉन्ट्रास्ट रंगांबद्दल डीएमनं विचारलं: एकाच थरात मूळ रंग आणि सावली दोन्ही देतात म्हणे, मग झग्याला तेच का नको? लांडग्यांना चालतील, अगदी छान चालतील. झग्यावर ते वॉशइतकेच लहरी आहेत. रंगद्रव्य जास्त असल्यामुळे डाग पडला तर तो अधिक ठळक दिसतो. मोठ्या सपाट भागाला त्यांच्यापेक्षा साधा रंग आणि दोन पातळ थर बरे, असं माझं मत. तिचं तसं नाही, आणि ती चेटकीण स्वतः रंगवणार आहे.

सरदारावर शेवटी ब्रशनं मॅट वार्निश दिलं, म्हणजे ग्लॉसची चमक गेली. फक्त तलवारीच्या पात्यावर चमक ठेवली. सांगाडे मात्र अजून वार्निशशिवायच आहेत. बारा आकृत्यांना स्प्रेचा डबा सोयीचा, पण एका सांगाड्यावर तो भर पावसात मारून पाहिला तर बरगड्यांवर पांढुरकी झाक आली: दमट हवेत मॅट स्प्रेचं हे नेहमीचं दुखणं. त्याच्यावर ब्रशनं ग्लॉसचा पातळ हात दिला तेव्हा ती बरीचशी गेली. उरलेल्या अकरांसाठी ऑक्टोबरची कोरडी हवा यायची वाट पाहायची असं ठरलंय, आणि तोवर सांगाडा उचलायचा तर चकतीला धरूनच.